३ जून : ब्रश एक

२ जुलै

धाकटीस आशीर्वाद.

थोरल्या जावेचं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोन तू उचलत नाहीस, आणि उचलला असतास तर मी काय बोलले असते ते मलाही ठाऊक नाही. हे म्हणाले, "लिही. लिहिताना मध्ये थांबता तरी येतं." म्हणून लिहिते. कागद यांच्या प्रेसमधल्या उरलेल्या तुकड्यांतला आहे, कडा वाकड्या आहेत, तेवढं चालवून घे.

मिरी आजारी आहे. दवाखान्यात ठेवलंय. शुक्रवारी शाळेत तिचा दुधाचा दात पडला. सात वर्षांच्या पोरीचा दात पडणार नाही तर काय. पण रक्त थांबेना. बाईंनी कापसाचा बोळा देऊन घरी पाठवलं. संध्याकाळपर्यंत तीन बोळे झाले, मग माझा जुना टॉवेल. आणि ही आपली मजेत. म्हणते, "आई, दाताला बहुतेक यायचं नव्हतं, मी ओढून आणला."

सकाळी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट आमच्या हातात न देता तो तपासणारा माणूस स्वतःच रस्ता ओलांडून डॉक्टरांकडे गेला. दुपारी आम्ही मोठ्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डात. रक्ताचं काहीतरी आहे, एवढंच सध्या लिहिते.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, अंगावर निळे डाग कधीपासून? मी म्हटलं, जूनच्या मध्यापासून. संध्याकाळची तू तिला पाढे म्हणायला घेऊन बसायचीस म्हणून विचारते, तुला आधी काही दिसलं होतं का? दिसलं असेल तर कळव. जे झालं त्याचा इथे काही संबंध नाही. मागचं मागे.

भाऊजींना आशीर्वाद सांग. तुझा ब्रश मोरीतल्या मगमध्येच राहिलाय. टाकवत नाही, चांगला आहे.

थोरली


९ जुलै

धाकटीस,

उत्तर आलं नाही. यायला हवं होतं असं म्हणत नाही.

मागच्या पत्रात 'रक्ताचं काहीतरी' लिहिलं, कारण पुढचा शब्द लिहायला पेन हलेना. कॅन्सर आहे. रक्ताचा. त्यातही मुलांत क्वचित होणारा, रक्ताचा कॅन्सर झालेल्या शंभर मुलांत एखाद्याला होतो तो. आपल्या घराला कधी लॉटरी लागली नाही, ती अशी लागली.

डॉक्टरीणबाई बुटक्या आहेत, चपला चटचट वाजवत चालतात. वॉर्डात सगळ्या बायांना 'आई' म्हणतात. पहिल्या दिवशीच मला म्हणाल्या, "हे बघा आई, नाव लांबलचक आहे, ते राहू द्या. पहिले पंधरा दिवस वाईट. तेवढे काढले तर पुढे चांगलं."

मी विचारलं, "वाईट म्हणजे?"

"रक्त गोठायचं विसरलंय. कुठूनही येऊ शकतं. डोक्यातसुद्धा."

"आणि पंधरा दिवस काढले तर?"

"तर शंभरात नव्वदच्या वर मुलं बरी होतात. या आजाराचा एवढा एक गुण आहे."

एका दमात दोन्ही सांगितलं. मला वाटतं त्याही दमलेल्या असतात. त्याच संध्याकाळी कॅप्सूल सुरू केल्या. पक्का रिपोर्ट यायचा होता, पण म्हणाल्या, "रिपोर्टची वाट बघत बसले तर पोर हातची जाईल." मग कमरेच्या हाडातून मगज काढला, आणि चौथ्या दिवशी पक्कं झालं. पेशीच्या आत दोन ठिकाणचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत म्हणे. मला कळेना. यांना मात्र लगेच कळलं. म्हणाले, "बाइंडिंगला होतं असं कधीकधी. या वहीची पानं त्या वहीत शिवली जातात, त्या वहीची हिच्यात. वरून दोन्ही वह्या ठीक दिसतात." एवढं बोलले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. बराच वेळ आले नाहीत.

रोज पिवळ्या पिशव्या चढवतात, रक्त गोठायला मदत करणाऱ्या. देवापुढे दिवा लावायला इथे परवानगी नाही, ऑक्सिजन आहे म्हणून. बोटांच्या पेरांवर जप करते. मध्येच सिस्टर येते, रक्तातल्या पेशींचा आकडा सांगते, आणि मग मी जप सोडून तो आकडाच म्हणत बसते. देवाला काय वाटत असेल.

आता जे लिहायचं ते लिहिते.

बाईंच्या हाताखालच्या छोट्या डॉक्टरने परवा सगळं पुन्हा विचारलं. "आई, नक्की तारीख आठवते का? हिरड्यांतून रक्त, घोळणा, डाग?" मी यांना घरून रोजखर्चाची वही आणायला सांगितली होती, इथल्या चिठ्ठ्या लिहायला. तुला माहीतच आहे माझी सवय, काय आणलं त्याच्यापुढे कंसात का आणलं ते लिहायची. तू हसायचीस. म्हणायचीस, "वहिनी, कोथिंबिरीचं कारण काय लिहिलंत?" ती वही मी त्याच्यासमोर उघडली.

३ जून. ब्रश एक, मऊ. (जुना टोचतो, हिरडीतून रक्त.)

८ जून. कापूस. (मिरीचा घोळणा फुटला. ऊन.)

११ जून. मलम. (गुडघे निळे. धडपडते मेली.)

आणि त्याच्या आधी, त्याच पानावर, वरती : २८ मे. धाकटी माहेरी गेली. बसभाडे. आणि खाली : १२ जून. धाकटी आली, बरोबर केळी.

छोट्या डॉक्टरने तारखा उतरवून घेतल्या. म्हणाला, "छान लिहून ठेवता हो आई." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तू घरात नव्हतीस. डाग तू परत यायच्या आधीपासून होते. आणि ते मला कुणी सांगायचं नव्हतं, मीच लिहिलेलं होतं. १८ जूनला मी तुला स्वयंपाकघरात उभं करून विचारत होते, तेव्हा ती वही माझ्या पाठीमागे फळीवर होती. नुसता हात मागे केला असता तरी लागली असती.

पुढचं आत्ता लिहवत नाही. मिरीचं वजन करायची वेळ झाली.

थोरली


१७ जुलै

धाकटीस,

तुझं पत्र आलं. मला नाही, तिला. पाकिटावर तिचं नाव, खाली रेघ मारून 'हिलाच द्यावे'. दिलं हो. पण गंमत अशी की वाचलं मीच. त्या कॅप्सूलने तिचं डोकं दुखतं आणि अक्षरं दोन-दोन दिसतात. डोळ्यांचे डॉक्टर येऊन बघून गेले, आता काही दिवस कॅप्सूल कमी केल्यात, म्हणाले नजर परत येईल. तोवर वाचून दाखवायला मी.

तर तुमच्या घरमालकीण कबुतरांवर ओरडतात, "फुकट राहता, भाडं देत नाही," हे मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा आवाज काढून. पलीकडच्या खाटेवरचा मुलगाही हसला. आणि ते तुझं कोडं, एका खोलीत बरेच भाडेकरू, एक परवाच खोली सोडून गेला, पण त्याच्या जागी येणारा कायमचा राहील. मिरीने लगेच ओळखलं. "दात! काकू दाताबद्दल बोलते." मग जरा वेळाने मला म्हणाली, "काकूपण खोली सोडून गेली ना?" मी म्हटलं, "पाणी पितेस का?"

पत्रात माझं नाव कुठे आहे का, ते मी मनातल्या मनात आधी शोधून घेतलं होतं. नव्हतं. ठीक आहे.

मधले आठ दिवस कसे गेले ते थोडक्यात लिहिते, जास्त लिहायची ताकद नाही. दहा तारखेला वजनात दोन दिवसांत दोन किलो वाढ. मला वाटलं, बरं झालं, अंग धरतेय पोर. सिस्टरला आनंदाने सांगायला गेले तर तिचा चेहराच बदलला. तासाभरात मिरीला धाप लागली. ओठ जांभळे. डॉक्टरीणबाई चपला न वाजवता धावत आल्या, म्हणून मला कळलं की गंभीर आहे. नळी लावली, वेगळं औषध टोचलं, कॅप्सूलच्या जोडीला देतात ते दुसरं दोन दिवस थांबवलं. मला म्हणाल्या, "औषध लागू पडतंय, त्याचाच हा त्रास आहे. कच्च्या पेशी एकदम पिकायला लागल्या की अंगावर येतात." बरं होण्याने माणूस मरायला टेकतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

ते दुसरं म्हणजे काय, माहिती आहे? सोमल. सलाइनमधून. मी आधी ऐकलं तेव्हा म्हटलं, "अहो बाई, हे तर उंदरांना घालतात!"

"हो," म्हणाल्या, "पण उंदरांना मोजून घालत नाहीत."

तीन दिवसांनी धाप उतरली. पलीकडच्या मुलाचे वडील शिंपी आहेत, त्यांना आम्ही शिंपीदादा म्हणतो. त्यांच्या मुलाचा आजार वेगळा, बरा होऊन दुसऱ्यांदा उलटलाय. तो माणूस तीन दिवस माझ्यासाठी खालून चहा आणत होता. मिरीचं वजन पूर्वीवर आलं तेव्हा मला म्हणाला, "ताई, माझ्याकडे गिऱ्हाइकाचं दोन दिवसांत असं वाढलं-उतरलं असतं ना, तर म्हणालं असतं शिंप्याने कापड चोरलं." मी हसले. हसताना माझंच मला अनोळखी वाटलं.

आता तिला भूक भूक होते, त्या टोचलेल्या औषधाने. काल चार केळी मागितली. केस गेले नाहीत. या औषधांनी जात नाहीत म्हणे. तू कुरळे म्हणून चिडवायचीस ते सगळे जिथल्या तिथे आहेत.

तिला लिहीत राहा. मी मध्ये येत नाही, फक्त वाचते.

थोरली


२९ जुलै

धाकटीस,

पंधरा दिवस कधीच सरले. डॉक्टरीणबाई आता खाटेपाशी येऊन चपला वाजवतात, मिरीला कळावं म्हणून. मिरी डोळे मिटून झोपेचं सोंग घेते. म्हणजे बरं चाललंय.

त्यामुळे आज लिहायचंच ठरवून बसले आहे. तब्येत वाईट असताना लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, हिला भीतीने सुचतंय.

१८ जून. मिरीला आंघोळ घालत होते. दंडावर चार निळी बोटं. मी विचारलं, "कुणी धरलं?" ती म्हणाली, "काकूने." तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस. म्हणालीस, "मोटारसायकल आली होती वहिनी, ही रस्त्यात पळाली म्हणून धरलं." आता कळतं, त्या रक्ताला तेवढं धरणंही पुष्कळ होतं. आणि तू धरलं नसतंस तर आज मी कुणाचं वजन करत बसले असते?

पण मी म्हटलं, "मारलं नाहीस ना? मग ठेव हिच्या डोक्यावर हात आणि घे शपथ."

तू हात मागे घेतलास. तू काय म्हणालीस ते माझ्या कानात आहे. "खरं सांगायला पोरीचं डोकं कशाला हवं, वहिनी?"

मी त्याचा अर्थ लावला तो चोराच्या मनात चांदणं असा. आणि मग ते वाक्य बोलले. पोटचं नसलं की. पुढचं तुला पाठ असेल, मी इथे पुन्हा लिहीत नाही. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. भाऊजी यांच्या पाया पडले, माझ्या नाही.

आता तुला माहीत नाही ते. तू आतल्या खोलीत गेल्यावर मी मिरीच्या ओल्या डोक्यावर माझा हात ठेवला. देवघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "हिनेच मारलंय. मी खोटी असेन तर माझ्या लेकीचं." वाक्य पूर्ण केलं होतं, धाकटे. अर्धवट सोडलं नव्हतं. इथे सोडते.

अकराव्या दिवशी दात पडला.

हे मी यांनाही सांगितलेलं नाही. पिवळी पिशवी लागली की एक-एक थेंब बघत मी हाच विचार करत असे, की तू ठेवला नाहीस तो हात मी ठेवला, आणि खोटी निघाले, आणि देवाने ऐकलं. डॉक्टरीणबाईंना एकदा आडून विचारलं, "कुणाच्या बोलण्याने असं काही होतं का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाल्या, "आई, रक्ताला ऐकू येत नाही."

बरं वाटलं, पण पटलं नाही. शिकलेली माणसं असंच बोलणार.

पटलं ते वहीने. ३ जून, ब्रश. शपथ १८ जूनची. रक्त माझ्या तोंडून शब्द निघायच्या पंधरा दिवस आधी ब्रशावर होतं. ज्या पानाने मला तुझ्यापुढे खोटं पाडलं, त्याच पानाने देवापुढे सोडवलं. त्या दिवशी मी खाली नळावर जाऊन तोंड धुतलं आणि मोकळं रडले. सुटले म्हणून रडले. आणि वर येताना जिन्यात लक्षात आलं, की ते पान बघून मला आधी माझी सुटका दिसली, तुझं निर्दोष असणं नंतर. याची लाज वाटते ती काही केल्या जात नाही.

माफ कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि तुझ्याकडून घ्यायचं तेवढं मी घेतलंय. तू मारलं नव्हतंस. हे मी यांना सांगितलं, शेजारीपाजारी ज्यांना-ज्यांना उलटं सांगितलं होतं त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं. शपथेचं तेवढं तुलाच सांगते.

थोरली


१२ ऑगस्ट

धाकटीस,

मगज पुन्हा काढला होता. स्वच्छ आला. एकही कच्ची पेशी नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हे घ्या आई, वहीत लिहा." मी नाचले वगैरे नाही. खाटेच्या कडेला बसले आणि तिथेच डोळा लागला, कागद हातात तसाच. यांनी उठवलं.

संपलेलं नाही. अजून साताठ महिने सोमल चालणार, चार आठवडे रोज, चार आठवडे सुट्टी, असं. दर खेपेला हृदयाचा आलेख काढून बघायचा. पण आता घरून ये-जा करायची. शिंपीदादांच्या मुलाची खाट गेल्या आठवड्यात रिकामी झाली. त्याबद्दल मिरीला काही सांगितलेलं नाही, तूही लिहू नकोस. जाताना त्यांनी मिरीला कापडी पिशवी शिवून दिली, तुझी पत्रं ठेवायला.

मिरीला ब्रश वापरायची परवानगी मिळाली, अगदी मऊ. सकाळी तिने घासले, चूळ भरली, आणि बेसिनवर आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पाणी पांढरं. सिस्टर म्हणाली, "काय हरवलं काय तुमचं?"

आता तुझ्या चौथ्या पत्राचं. ते काल आलं. तिची नजर परत आलीय, पण मलाच वाचायला लावते. म्हणते, "तू कबुतरांचा आवाज चांगला काढतेस." मी वाचत गेले, घरमालकिणीने गच्चीवर बाहुलं उभं केलं आणि कबुतरं त्याच्याच डोक्यावर बसली, तिथपर्यंत. पुढे अजून थोडं होतं. माझ्या डोळ्यांनी ते आधीच वाचलं आणि मी कागद घडी घालायला लागले.

मिरी म्हणाली, "आई, अजून दोन ओळी आहेत. मला दिसतात आता."

तिने कागद ओढून घेतला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं. "मिरे, आता एक काम कर. आईकडे बघ, आणि ती आज जेवली का ते विचार. सांग, काकूने विचारलंय."

मग तिने खरंच माझ्याकडे बघितलं. "जेवलीस?"

"हो गं. जेवले."

"खरं?" असं म्हणून तिने माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्याकडे न्यायला लागली. पोरीला तो दिवस आठवतो, धाकटे. सगळा आठवतो.

केसांना बोटं लागायच्या आत मी हात मागे घेतला. तू घेतला होतास तसा.

म्हटलं, "डोकं नको. साधंच खरं सांगते. नाही जेवले. सकाळपासून नाही."

तर तू विचारलंस त्याचं हे उत्तर. तिने तिच्यातलं अर्धं केळं मोडून मला दिलं आणि मी संपेपर्यंत समोर बसून राहिली. ते खाऊन हे लिहायला घेतलं.

तुझी वहिनी